खड्याचे वजन वजा

नाशिकच्या सराफ बाजारात जुना दागिना मोडायला नेला की पुढचा क्रम ठरलेला असतो. सराफ आधी दागिना उलटा करून पाहतो, कोंदणात लाख किती भरली असेल याचा अंदाज घेतो, खडे काढून बाजूला ठेवतो आणि मग काट्यावर जे उरते त्याचा भाव करतो. माणिक, पाचू, हिरा असेल तर गोष्ट वेगळी. पण खडा साधा असला तर तो कागदाच्या पुडीत घालून गिऱ्हाइकाला परत मिळतो, आणि हिशेबात त्याची नोंद ‘खड्याचे वजन वजा’ एवढीच राहते. हा हिशेब अगदी चोख आहे आणि त्यात सराफाचे काही चुकत नाही. मात्र गेली काही वर्षे मी प्राचीन कोरीव खड्यांविषयी मिळेल ते वाचते आहे, आणि त्या वाचनातून एक गोष्ट मनात पक्की होत गेली आहे, ती अशी की दोन हजार वर्षांच्या मुदतीचा हिशेब मांडला तर तो याच्या नेमका उलट निघतो. ज्या अंगठ्यांमध्ये हे खडे बसवलेले होते त्यांपैकी बहुतेकींचे सोने केव्हाच वितळून दुसऱ्या कशात तरी मिसळून गेले; वजा केलेला खडा मात्र कोरणाऱ्याच्या हातासकट शिल्लक राहिला.

याचे कारण त्या खड्याच्या गरिबीत आहे. सोने वितळते, म्हणून ते वितळवले जाते. हिरा पुन्हा पैलू पाडून विकता येतो, म्हणून त्याला पुन्हा पैलू पडतात. अकीक, म्हणजे अगेट, हा कोरीव कामाचा साधा दगड वितळत नाही, आणि नव्याने पैलू पाडण्याइतका तो महागही नाही. त्याच्यावर कुणी चित्र कोरले असेल तर त्याची सगळी किंमत त्या कोरण्यात असते, आणि ते कोरणे घासून टाकले तर हातात फक्त एक गुळगुळीत गोटी उरते. म्हणून ज्याच्या हाती असा खडा आला त्याला तो ठेवून देण्यावाचून किंवा नव्या कोंदणात बसवण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता.

कोरीव खड्यांचे दोन प्रकार असतात. एकात चित्र खड्याच्या पृष्ठभागाच्या आत, उलटे कोरलेले असते, म्हणजे मेणावर किंवा ओल्या मातीवर दाबल्यावर ते सुलटे आणि उठावाचे उमटते. याला इंटॅग्लिओ म्हणतात. दुसऱ्यात आजूबाजूचा दगड काढून टाकून चित्र उठावाचे केलेले असते, तो कॅमिओ. पहिला कामाचा, सही-शिक्क्याचा, दुसरा मिरवण्याचा. अकीक पोलादी चाकूला दाद देत नाही, त्यामुळे त्यावर काहीही ‘कोरणे’ म्हणजे खरे पाहता घासणे असते. कारागीर आडव्या फिरणाऱ्या बारीक दांडीच्या टोकाला तेल आणि कुरुंदाची पूड लावत असे आणि खडाच हातात धरून त्या टोकावर टेकवत असे. दगड कापण्याचे काम ती पूड करी, दांडी फक्त तिला फिरवी. तेल आणि पुडीच्या चिखलाखाली आपण काय कोरतो आहोत हे त्याला धड दिसतही नसे. मधूनमधून पुसून, मेणावर ठसा घेऊन तो पाही. बोटाच्या नखाएवढ्या जागेत घोडा, सारथी, रथाचे चाक आणि चाकाचे आरे, आणि तेही सगळे उलटे. मला या कामापुढे हिऱ्याचे पैलू पाडणे हे मुख्यतः गणिताचे काम वाटते, मग जाणकार काहीही म्हणोत.

आता हा दगड येई कुठून, हे पाहू. आणि इथे आपण नाशिककरांनी जरा सरसावून बसायला हरकत नाही. आपल्या पायाखालचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. तो थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, आणि पुढे त्या पोकळ्यांत सिलिकायुक्त पाणी झिरपून थरावर थर साचत गेले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात गेलेल्यांनी या पोकळ्यांतले वैभव पाहिलेले असते. तिथे डोळे दिपवणारे झिओलाइटचे स्फटिक आधी नजरेत भरतात आणि अकीकाकडे लक्ष थोडे उशिरा जाते. खडक झिजला की हे अकीक सुटे होऊन नद्यांच्या पात्रांत येतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दीने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या व्यापारी मार्गदर्शिकेत भरुच बंदराची हकीकत आहे. तिच्यात भरुचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण असल्याचे सांगितले आहे आणि तिथून अकीकाच्या जातीचा दगड फार मोठ्या प्रमाणात गाड्यांवर लादून बंदरावर येतो अशी नोंद आहे. म्हणजे गोदावरीकाठचा माल खडबडीत वाटांनी भरुचला जाई, तिथून जहाजाने तांबड्या समुद्रात, आणि पुढे इजिप्तमार्गे रोमला.

त्याच शतकातला रोमन ग्रंथकार प्लिनी या थरांच्या अकीकाविषयी, सार्डोनिक्सविषयी, जे लिहितो ते वाचून मला हसू आवरले नाही. तो सांगतो की हिंदुस्थानात या दगडाला मुळीच मान नव्हता; पावसाच्या लोंढ्यांनी तो उघडा पडत असे, आणि काही तुकडे एवढे मोठे असत की तिथले लोक त्याच्या शस्त्रांच्या मुठी करीत. रोमनांना तो आवडला याचे कारण व्यवहारी होते: कोरलेल्या खड्यांपैकी जवळजवळ हा एकच असा होता की ठसा उमटवताना त्याला मेण चिकटत नसे. आणि पुढे तो म्हणतो की मग आम्ही हिंदुस्थानच्या लोकांचेही मन वळवले आणि त्यांनाही हा दगड आवडू लागला. तिथली सामान्य माणसे तो भोक पाडून गळ्यात घालतात. आपलाच दगड आपल्याला आवडावा म्हणून परदेशी गिऱ्हाइकाची पसंती लागावी, ही सवय दोन हजार वर्षांपूर्वीची आहे तर. प्लिनीच्या बढाईतला थोडा भाग सोडून द्यायला हवा, कारण अकीकाचे मणी आपल्याकडे रोमच्या जन्माआधीपासून घडत होते. पण खड्यावर चेहरा कोरून त्याला माणसाची ओळख द्यायची, ही हौस मात्र त्यांची खरी.

त्या व्यापाराची माणसे नाशिकलाही येऊन गेली आहेत. पांडवलेण्यांतल्या १७ क्रमांकाच्या लेण्यात एक लेख आहे, त्यात लेणे करवून देणारा स्वतःची ओळख उत्तरेकडचा, दात्तामित्रीचा रहिवासी, योणक, धंमदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त अशी करून देतो. योणक म्हणजे यवन, ग्रीक. त्याच डोंगरावर ३ क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीने कोरवलेला लेख आपल्या मुलाला, गौतमीपुत्र सातकर्णीला, शक-यवन-पल्हवांचा नाश करणारा म्हणून गौरवतो. चार पावलांच्या अंतरावर एक यवन दान देतो आहे आणि दुसरीकडे यवनांचा संहार मोठ्या अक्षरांत नोंदला जातो आहे. इंद्राग्निदत्ताच्या बोटात कोरीव खड्याची अंगठी चढवण्याचा मोह मी आवरते. पण ज्या काळी हा माणूस ही पायवाट चढला, त्याच काळी त्याच्या भाषेच्या मुलखातले कारागीर आपल्याकडच्या नद्यांतला दगड घासून देव, राजे आणि घोडे काढत होते, एवढे तरी म्हणता येते.

सहीची अंगठी ही कल्पना आपल्याला परकी नाही. पंचवटीतून हरवलेल्या सीतेच्या शोधात निघालेल्या हनुमानाजवळ रामाने जी अंगठी खूण म्हणून दिली, तिच्यावर रामाचे नाव अंकित होते असे वाल्मीकी सांगतो. दुष्यंताच्या अंगठीवरही नाव आहे, आणि ती माशाच्या पोटातून परत येते. सामोसच्या पॉलिक्रेटिस राजाची, हेरोडोटसने सांगितलेली अंगठीही समुद्रात टाकल्यावर माशाच्या पोटातूनच परत आली. फरक एवढा की आपल्या कथांत अंगठीवर नाव असते, ग्रीक आणि रोमन अंगठ्यांवर बहुधा चित्र. सम्राट ऑगस्टस आधी स्फिंक्सचे चित्र असलेला शिक्का वापरत असे. ग्रीक कथांतली ही सिंहाच्या धडाची आणि स्त्रीच्या तोंडाची स्फिंक्स कोडी घालते, तशी याची पत्रेही कोडी घेऊन येतात, अशी थट्टा होऊ लागली, तेव्हा त्याने अलेक्झांडरचा चेहरा असलेला खडा घेतला, आणि शेवटी डायोस्कुरिडीस नावाच्या कारागिराने कोरलेला स्वतःचाच चेहरा. केरळात पट्टणम् येथील उत्खननात स्फिंक्स कोरलेला अकीकाचा छोटा खडा मिळाला, तेव्हा अभ्यासकांना ऑगस्टसच्या त्या पहिल्या शिक्क्याची आठवण झाली.

खडे कोंदणातून निसटतात, हे मात्र सर्व काळी सारखेच. सराफ बाजारात झारेकरी दुकानांसमोरची माती आणि गटारातला गाळ गोळा करतात, तो धुतात आणि त्यातून सोन्याचे कण काढतात. त्यांच्या पाटीत तळाशी राहते ते सोने, आणि खडे-काचा फेकल्या जातात. वेल्समधल्या कारलिऑन या गावी रोमन सैन्याच्या तळावर मोठे स्नानगृह होते. तिथल्या सांडपाण्याच्या नाल्याचा गाळ उत्खननात उपसला गेला, तेव्हा त्यातून ८८ कोरीव खडे निघाले. सैनिक अंगठ्या घालूनच गरम पाण्यात उतरत, वाफेने खडा बसवलेला डिंक सैल होई, आणि खडा अंघोळीच्या पाण्याबरोबर वाहून जाई. अलीकडे इंग्लंडमधल्या कार्लाइल येथेही क्रिकेटच्या मैदानाखाली सापडलेल्या रोमन स्नानगृहाच्या गाळातून असेच तीसहून अधिक खडे मिळाले. त्या अंगठ्यांतले सोने-चांदी-लोखंड घरी परत गेले, वापरले गेले, मोडले गेले. हरवलेले तेवढे वाचले.

हरवले नाही आणि तरीही त्याचे रूप गेले, अशी उदाहरणे शोधायला नाशिक जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. १९०६ मध्ये जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. १३ हजारांहून अधिक नाणी क्षत्रप नहपानाची, आणि त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. अशा पुष्कळ नाण्यांवर नव्या छापाखालून नहपानाच्या चेहऱ्याचे नाक किंवा ग्रीक अक्षरांचा तुकडा डोकावतो. विजेत्याने हरलेल्या राजाचे तोंड पुसले, पण धातू वाया घालवला नाही. दुसरे उदाहरण आपल्या गावाचे नाव जगभर मिरवणाऱ्या नासक हिऱ्याचे. त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानचा म्हणून सांगितला जाणारा हा हिरा १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रजांच्या हाती लागला. लंडनला पोहोचला तेव्हा त्याचे वजन सुमारे ९० कॅरट होते. तिथल्या जवाहिऱ्यांनी नव्याने पैलू पाडून ते ८०च्या घरात आणले आणि १९४० मध्ये अमेरिकेत पुन्हा पैलू पाडले गेले तेव्हा ४३.३८ कॅरट उरले. चमक वाढली, भाव वाढला, आणि त्र्यंबकच्या गाभाऱ्यातल्या दिव्यांच्या प्रकाशात ज्या आकाराचा हिरा कुणी पाहिला असेल तो आकार आता कुठेच नाही. त्याच्या शेजारी रोमन अकीक ठेवून पाहावा. भावात तो हिऱ्यासमोर उभा राहू शकत नाही. पण त्याला भेटणारा प्रत्येक नवा मालक तेच नाक, तोच कान, केसांची तीच बट पाहतो.

अर्थात दिसते तेच असले, तरी समजते तेच असते असे नाही, आणि गंमत अशी की चुकीच्या समजुतीनेही या खड्यांचे रक्षण केले आहे. पॅरिसमध्ये ‘ग्रेट कॅमिओ ऑफ फ्रान्स’ नावाचा पाच थरांच्या सार्डोनिक्सचा तुकडा आहे. उंची ३१ सेंटिमीटर, कॅमिओंमध्ये राक्षसीच म्हणायची. त्यावर रोमन राजघराणे कोरलेले आहे. मध्ययुगात तो फ्रान्सच्या राजाकडे आला, तेव्हा तो ख्रिस्ती धर्मग्रंथातल्या योसेफाचा इजिप्तमधला प्रसंग आहे असे समजून चर्चच्या खजिन्यात भक्तिभावाने ठेवला गेला. १६२० मध्ये पेरेस्क नावाच्या विद्वानाने हे रोमन सम्राट आहेत हे ओळखले. जर्मनीतल्या आखनच्या चर्चमध्ये इसवी सन १०००च्या सुमाराचा सोन्याचा क्रूस आहे, त्याच्या ऐन मध्यावर ऑगस्टसचा कॅमिओ बसवलेला आहे. मूर्तिपूजक सम्राटाचा चेहरा क्रूसाच्या मध्यभागी! शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना हे सोसणार नाही; मला मात्र कोंदण बदलण्याच्या या प्रथेत मोठे शहाणपण दिसते.

आमच्या घरी असाच एक साधा खडा आहे. माझ्या आत्याची जुनी अंगठी होती, तांबड्या अकीकाची, वर उलट्या फार्सी अक्षरांची. नातीच्या लग्नात तिला झुबे करायचे म्हणून आत्याने ती मोडायला काढली आणि मला बरोबर नेले. सराफांनी खडा काढला, दिव्याकडे धरून पाहिला आणि म्हणाले, “ताई, हा तुमच्याकडेच असू द्या. आमच्याकडे याला भाव नाही.” आत्याने तो मला दिला. घरी आल्यावर मी लाख तापवून त्यावर ठसा घेतला. फार्सी वाचणाऱ्या एका परिचितांनी त्यावर एक नाव आणि हिजरी सन असल्याचे सांगितले. ही कुणाची तरी कामकाजाची मोहर. ती आमच्या घराण्यात कशी आली हे सांगणारे आता कुणी उरलेले नाही. पण सन कोरण्याच्या या पद्धतीचे महत्त्व मला रोमन खड्यांविषयी वाचताना कळले, कारण त्यांच्यावर सन नसतो आणि दगडाच्या वयावरून काहीही ठरत नाही. अकीक कोट्यवधी वर्षे जुना आहे. त्यावरचा घोडा दोन हजार वर्षांपूर्वी कोरला की दोनशे, हे कोरण्याच्या खुणा, झीज आणि शैली पाहूनच सांगावे लागते.

या अडचणीचा फायदा घेणारेही झाले. पोलंडचा राजपुत्र स्टानिस्लाव पोन्यातोव्स्की याच्या संग्रहात सुमारे अडीच हजार कोरीव खडे होते, त्यांतल्या अनेकांवर प्राचीन ग्रीक कारागिरांच्या सह्या. तो वारल्यानंतर १८३९ मध्ये लंडनला लिलाव झाला, पण तोवर संशय पसरला होता: ही सगळी कामे त्याने आपल्याच काळातल्या रोममधल्या कारागिरांकडून करवून घेतलेली होती. संग्रहाचा भाव कोसळला. त्या खड्यांवरचे काम विलक्षण सफाईचे आहे, आणि ज्यांनी खोट्या सह्या सोसून ते केले त्यांच्याबद्दल मला राजपुत्रापेक्षा अधिक आदर वाटतो.

त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर राशीच्या खड्यांच्या पाट्या दिसतात, तेव्हा मला दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गेलन आठवतो. त्या काळी सिंहमुखी सर्प कोरलेला जास्पर नावाचा हिरवा दगड पोटदुखीवर गळ्यात बांधत. गेलनने कोरीव नसलेल्या साध्या जास्परांची माळ पोटापर्यंत येईल अशी घालून पाहिली, आणि नोंदवले की गुण तेवढाच येतो. दगडाला गुण आहे हे त्याने मान्य केले, चित्राला नाकारले. अर्धीच तपासणी केली, पण केली.

प्राचीन खडा नव्या दागिन्यात बसवावा की नाही, हा वाद संग्रहालयवाल्यांमध्ये आणि जवाहिऱ्यांमध्ये जुना आहे. १८५६ मध्ये रशियाच्या झारच्या राज्यारोहणाला जाणाऱ्या इंग्रज राजदूताच्या पत्नीसाठी ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या संग्रहातले कोरीव खडे काढून सात दागिन्यांचा संच घडवला गेला. त्यात खडे किती, तर ८८. कारलिऑनच्या नाल्यातही तेवढेच. तो संच सुंदर असला तरी त्यात एकेक खडा पाहणे अवघड आहे, कारण तिथे खडे गर्दीचा भाग झाले आहेत. माझे मत एका खड्याला एक अंगठी, आणि मागची बाजू उघडी, या पक्षाचे आहे. इंटॅग्लिओ उजेडासमोर धरल्याशिवाय त्यातला चेहरा जागा होत नाही. मागे सोन्याचा पत्रा लावला की तो डबक्यातल्या पाण्यासारखा अपारदर्शक होतो. भोक पाडणे, कडा घासून ठरावीक मापात बसवणे, हे तर सरळ नुकसान. आपल्याकडे १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, एवढे ध्यानात ठेवून घरातला जुना खडा बोटात घालायला मात्र काही आडकाठी नसावी.

संग्रहालयात ठेवले म्हणजे खडा सुरक्षित, असे मानणाऱ्यांना २०२३ साल अवघड गेले. त्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश म्युझियमने जाहीर केले की त्यांच्या संग्रहातल्या कोरीव खडे आणि दागिने यांसारख्या वस्तू चोरीला गेल्या, गहाळ झाल्या किंवा खराब झाल्या आहेत. पुढे आकडा सुमारे २,०००वर गेला. त्यांतल्या पुष्कळ वस्तूंची कधी नीट नोंदच झाली नव्हती. डिसेंबरमध्ये आलेल्या स्वतंत्र चौकशीच्या निष्कर्षांत एक तपशील आहे: सुमारे ३५० वस्तूंचे भाग काढून घेतलेले आढळले, उदाहरणार्थ खड्यांची सोन्याची कोंदणे, आणि ते सोने बहुधा मोडीत विकले गेले असावे. सुमारे १४० वस्तूंवर हत्यारांच्या खुणा होत्या. ज्यांच्या हाती ते खडे लागले, त्यांनीही हिशेब सराफ बाजाराचाच केला. खडे शोधून परत आणण्याचे काम अजून चालू आहे, आणि काहीशे खडे परत आलेही आहेत. मोडीत गेलेले सोने परत येण्याची आशा चौकशी करणाऱ्यांनीही धरलेली नाही.

चोरलेला खडा हाच आमचा, हे सिद्ध करायला ज्याचा जुना ठसा कुठेतरी जपलेला आहे त्याचे काम सोपे. अठराव्या शतकात लंडनला जेम्स टॅसी नावाचा कारागीर युरोपभरच्या संग्रहांतल्या खड्यांचे काचेत आणि गंधकात ठसे करून विकत असे. १७९१ मध्ये छापलेल्या त्याच्या यादीत १५ हजारांहून अधिक ठसे आहेत. त्याने ते हौशी गिऱ्हाइकांसाठी केले होते, पण आज ती एका अर्थाने खड्यांची नोंदवहीच आहे. म्हणून आत्याचा खडा मी कुणा कारागिराकडे नव्या अंगठीसाठी देणार असेन, तर त्याआधी त्याचा प्लास्टरमध्ये एक नीट ठसा घेईन, पट्टी शेजारी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढीन, आणि कोंदण चांदीचे घ्यायचे की सोन्याचे हे मग ठरवीन.